आईच्या खोलीचा रंग: दोन शेड आणि दोन डोळे

आमचं घर फोंडा तालुक्यात, प्रियोळला. २०२४ च्या जुलैत आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तिच्या खोलीच्या रंगाचं काम त्यातूनच निघालं. पट्टी काढल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ती पलंगावर बसून समोरच्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “ही भिंत एवढी डागाळलीय आणि मला कोणी सांगितलं नाही?” भिंत कित्येक वर्षं तशीच होती. छताजवळ ओलीचे पिवळे पट्टे, उशाशी तेलकट डाग, खिडकीखाली पोपडे. तिला ते दिसत नव्हते, एवढंच.

रंग द्यायचा हे त्याच दिवशी ठरलं. कोणता, हे ठरायला दिवाळी आली. शेवटी दोनच रंग उरले होते, पण त्या दोघांत निवड करणं हेच सगळ्यात कठीण गेलं. दोन शेड हातात घेऊन अडलेल्यांसाठी हे लिहिते आहे, आणि त्यातही ज्यांच्या घरी मोतीबिंदू झालेलं माणूस आहे त्यांच्यासाठी, कारण त्याबद्दल मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी ऑपरेशननंतरच्या तपासणीत आईला समजावलं ते असं: वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, मोतीबिंदूत कधी कधी पार तपकिरी होतं. असं भिंग निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा बराच भाग अडवून ठेवतं. हे इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही, मेंदू जुळवून घेत राहतो. नवं भिंग बसलं की अडवलेला निळा प्रकाश एकदम आत येतो. म्हणून आईला आता पांढरे कपडे निळसर दिसत होते, दूधसुद्धा निळसर. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन डिसेंबरात करायचं ठरलं. म्हणजे मधले काही महिने तिचे दोन डोळे एकाच भिंतीचे दोन रंग बघणार होते. त्या दिवशी हे नुसतं ऐकून घेतलं. पुढे ते फार उपयोगी पडलं.

चवथ आणि ओली भिंत

गोव्यात घराला रंग देण्याचा मुहूर्त म्हणजे चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचा. २०२४ ला चवथ ७ सप्टेंबरला होती. ऑगस्टात पेंटर मिळणं मुश्किल, मिळाला तर भाव चढलेला, आणि बाहेर पाऊस कोसळत असतो. गणपतीच्या खोलीला आम्ही घरच्यांनीच पांढऱ्याचा एक हात मारून घेतला. आईच्या खोलीला हात लावला नाही. याची दोन कारणं. एक, ऑपरेशननंतर काही आठवडे धुळीपासून सांभाळायला सांगितलं होतं, आणि भिंत खरवडायची म्हणजे घरभर धूळ. दुसरं, भिंत ओली होती. आमची भिंत चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची आहे, वरून सिमेंटचा गिलावा. चिरा पाणी पितो आणि ते सोडायला वेळ घेतो.

भिंत सुकली की नाही हे बघायची एक सोपी रीत आहे. फूटभर लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा घ्यायचा आणि चारही बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवून एक दिवस तसाच ठेवायचा. आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ती हवेतली ओल. ऑगस्टात उत्तरेच्या भिंतीवरच्या तुकड्याला आतून घाम फुटला होता. सप्टेंबरच्या शेवटीही थोडा होता. ऑक्टोबर अर्धा सरल्यावर तुकडा कोरडा निघाला. चवथीला आलेल्या पाहुण्यांनी “खोलीला रंग नाही काढला?” असं विचारलं, त्यांना आईनेच तो चिकटवलेला तुकडा दाखवला.

दोन शेड उरल्या

चवथ उरकल्यावर फोंड्याच्या दुकानातून शेडचं पुस्तक दोन दिवसांसाठी मागून आणलं. काही दुकानदार देतात, काही अनामत ठेवून घेतात. मागायला हरकत नाही. त्यातल्या शेकडो रंगांतून आईने आणि मी मिळून गडद रंग आधीच बाजूला केले, मग भडक, मग निळे. उरले दोन. एक सायीचा रंग: पांढऱ्यात थोडा पिवळा आणि अगदी थेंबभर तांबडा. दुसरा राखाडीकडे झुकणारा फिकट हिरवा.

मला सायीचा हवा होता. पावसात ती खोली काळोखी होते, आणि उजेड वाढवायचा तर सायीसारखा रंग नाही, असं माझं म्हणणं. आईला हिरवा आवडला. भाऊ पुण्याला असतो, त्याने “फोटो पाठव” म्हणून सांगितलं. पाठवला, तर त्याला दोन्ही जवळजवळ सारखेच दिसले. मोबाईलचा कॅमेरा पांढऱ्या रंगाचा तोल स्वतःच सावरून घेतो. भिंत पिवळी दिसली की तो पिवळेपणा कमी करतो, हिरवी दिसली की हिरवेपणा. दोन फिकट रंगांतला फरक नेमका तिथेच पुसला जातो. दूर राहणाऱ्याचं मत हवंच असेल तर दोन्ही रंग आणि एक कोरा पांढरा कागद एकाच फोटोत घ्या. फरक निदान कळतो, रंग मात्र कळत नाही.

पुस्तकातली चौकट इंचा-दोन इंचांची असते. चारही भिंती त्याच रंगाच्या झाल्या की तो कितीतरी गडद वाटतो, कारण एका भिंतीवरून परतलेला उजेड दुसऱ्या भिंतीवर पडतो आणि दर वेळी रंग थोडा घेऊन जातो. म्हणून दोन्ही शेडच्या २०० मिलीच्या नमुना डब्या घेतल्या. दोन्ही मिळून ४८० रुपये पडले. हे पैसे जड वाटले तरी चार लिटरचा डबा चुकीचा आणण्यापेक्षा स्वस्त, कारण यंत्रावर मिसळून घेतलेला रंग दुकान परत घेत नाही.

भिंतीवर नाही, पुठ्ठ्यावर

नमुना थेट भिंतीवर लावायची पद्धत आहे. आमच्या भिंतीवर ते करून चाललं नसतं, कारण जुना रंग पिवळट होता. एखादा रंग शेजारच्या रंगामुळे बदललेला दिसतो. पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी एकोणिसाव्या शतकात हे पद्धतशीर मांडलं. काळे धागे फिके दिसतात अशी तक्रार त्यांच्याकडे आली होती. त्यांनी तपासलं तेव्हा रंगाईत दोष नव्हता, धाग्यांच्या शेजारी बसलेल्या रंगांमुळे तसं दिसत होतं. पिवळट भिंतीवर राखाडी-हिरव्याचा पट्टा मारला तर तो आहे त्यापेक्षा निळा दिसतो. आईला तर आधीच सगळं निळसर दिसत होतं.

म्हणून ए-थ्री आकाराचे जाड पुठ्ठे आणले, त्यांना पांढऱ्या प्रायमरचा एक हात दिला आणि मग छोट्या रोलरने प्रत्येक रंगाचे दोन हात. कडेला बोटभर पांढरी पट्टी सोडली, म्हणजे डोळ्याला पांढऱ्याचा आधार राहतो. ब्रश वापरू नका, त्याच्या रेघांची सावली पडते आणि भिंतीवर तर रोलरच फिरणार असतो. प्रत्येक रंगाचे दोन पुठ्ठे केले. खोलीच्या कोपऱ्यात ते काटकोनात उभे केले की दोन भिंती एकमेकींवर कसा रंग टाकतात ते थोडं कळतं. कोपऱ्यात हिरवा सपाट भिंतीवरच्यापेक्षा बराच गडद दिसला. सायीचा फारसा बदलला नाही.

ओला रंग बघून काही ठरवू नका. इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग, ओलं असताना एक दिसतं, वाळल्यावर बहुतेक वेळा थोडं गडद होतं. एक दिवस जाऊ द्या.

खोलीतला उजेड

आता खोलीबद्दल. अकरा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच. पूर्वेला खिडकी आहे, तिच्याबाहेर कुळागर: पोफळी, केळी, मागे फणस. उत्तरेला दुसरी खिडकी, बाहेर तांबड्या चिऱ्यांचं अंगण आणि गडगा, म्हणजे दगडी कुंपण. या दोन्ही गोष्टी खोलीत रंग पाठवतात हे मला पुठ्ठे ठेवल्यावर कळलं. सकाळी पूर्वेकडून येणारा उजेड कुळागरातून गाळून येतो, त्यामुळे खिडकीजवळचा सायीचा पुठ्ठा किंचित हिरवट पिवळा दिसायचा. उत्तरेच्या खिडकीखाली अंगणातून वर येणाऱ्या उजेडात तोच पुठ्ठा गुलाबी दिसायचा. हिरवा पुठ्ठा पूर्वेला अधिकच हिरवा, उत्तरेला मऊ राखाडी.

पुठ्ठे दर दोन-तीन तासांनी हलवून मी वहीत लिहून ठेवत होते: कुठल्या भिंतीवर, किती वाजता, ऊन की ढग, कोणता बरा. वही ठेवाच. संध्याकाळी सकाळचं नेमकं आठवत नाही, आणि ज्याला जो रंग आवडलेला असतो त्याला तोच बरा दिसल्याचं आठवतं.

उत्तरेच्या भिंतीबद्दल एक गोष्ट गोव्यात लक्षात ठेवावी लागते. गोवा साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. घरसजावटीच्या लिखाणात वाचायला मिळतं की उत्तरेकडून कायम थंड, सावलीचा उजेड येतो. आपल्याकडे मे महिन्यात उत्तरेच्या अंगणात दुपारी चक्क ऊन असतं आणि तांबडा उजेड खोलीत उसळतो. ऑक्टोबरात केलेली परीक्षा मे महिन्याला लागू पडेलच असं नाही. आम्ही वर्षभर थांबणार नव्हतो, पण हे मनात धरून ठरवलं.

वहीत काही दिवसांच्या नोंदी झाल्यावर असं दिसलं की दुपारी सायीचा चांगला, ढगाळ दिवशी तर निर्विवाद चांगला. सकाळी मात्र पूर्वेचं ऊन सायीच्या पुठ्ठ्यावरून आईच्या डोळ्यांवर यायचं आणि ती मान वळवायची. नव्या भिंगाचा डोळा अजून उजेडाला सरावला नव्हता. आई सकाळी सहापासून नऊपर्यंत त्याच खोलीत असते. पोथी, चहा, वर्तमानपत्र सगळं तिथेच. दुपारी ती स्वयंपाकघरात किंवा ओसरीवर. म्हणजे सायीचा रंग ज्या वेळेला शोभत होता त्या वेळेला खोलीत कोणी नसायचं. हे वहीतून समोर आलं तेव्हा माझा आग्रह पहिल्यांदा सैल झाला.

डावा डोळा, उजवा डोळा

मग दसऱ्याच्या, म्हणजे १२ ऑक्टोबरच्या, आदल्या दिवशी आम्ही ते केलं जे मला डॉक्टरांचं बोलणं आठवून सुचलं. आईला खिडकीकडे पाठ करून बसवलं, चार हात अंतरावर दोन्ही पुठ्ठे उभे केले आणि तिला आधी उजवा डोळा तळहाताने झाकायला सांगितला, मग डावा. दाब न देता, नुसता झाकायचा. ऑपरेशन झालेला डोळा चोळायचा तर नाहीच.

डाव्या, म्हणजे नव्या भिंगाच्या डोळ्याने तिला सायीचा पुठ्ठा जवळजवळ पांढरा दिसला. हिरवा स्वच्छ, थोडा निळसर. उजव्या डोळ्याने सायीचा पिवळा, “जुन्या भिंतीसारखाच” म्हणाली. आणि हिरवा? “हा तर शेणाने सारवल्यासारखा दिसतो.” ती स्वतःच चकित झाली. पुन्हा पुन्हा हात बदलून बघत राहिली. मग मला म्हणाली, “तुला यातला कुठला दिसतो?” मी पंचेचाळीस वर्षांची. मला दिसतो तो दोन्हींच्या मधला कुठला तरी असणार. त्या बैठकीत मला पहिल्यांदा नीट समजलं की मी इतके दिवस तिच्या खोलीचा रंग माझ्या डोळ्यांनी निवडत होते, आणि तीही लवकरच बदलणाऱ्या डोळ्याने मत देत होती.

डिसेंबरनंतर तिचे दोन्ही डोळे डाव्यासारखे बघणार, तर निवड डाव्या डोळ्यानेच करायची, असं आम्ही ठरवलं. यापुढच्या सगळ्या परीक्षा उजवा झाकून. ज्यांच्याकडे एक ऑपरेशन झालंय आणि दुसरं व्हायचंय त्यांनी हे जरूर करावं. दोन्ही व्हायची असतील तर, घाई नसेल तर, रंग त्यानंतरच निवडावा. नवा निळसरपणा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत अंगवळणी पडतो, तेही धरून चला.

रात्र, दिवे आणि बटणं

त्या खोलीत जुनी ट्यूबलाईट होती, पांढऱ्या थंड उजेडाची. तिच्याखाली हिरवा पुठ्ठा अगदीच निर्जीव दिसला आणि त्या रात्री मला वाटलं की आता सायीचाच ठरणार. मग दिवे बदलून बघितले. बल्बच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो: ६५०० म्हणजे थंड पांढरा, ४००० मधला, ३००० पिवळसर. ३००० च्या उजेडात हिरवा मऊ, राखाडी होऊन छान बसला. सायीचा फार पिवळा झाला. ४००० ला दोन्ही आपापल्या रंगात राहिले. खोक्यावर सीआरआय नावाचाही आकडा असतो, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप. साध्या एलईडीला तो बहुधा ८० च्या आसपास असतो, ९० चा मिळाला तर घ्यावा, थोडा महाग पडतो. रंग निवडायच्या आधी दिवा ठरवा. उलट क्रमाने केलं तर निवडलेला रंग नव्या दिव्याखाली दुसराच होतो.

तिन्हीसांजेला, दिवा लावायच्या आधी, आणखी एक फरक दिसला. उजेड फार कमी झाला की डोळा तांबड्या बाजूच्या रंगांना आधी हरवतो आणि निळ्या-हिरव्या बाजूचे जास्त वेळ धरून ठेवतो. झेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. सायीचा पुठ्ठा तेव्हा मळकट राखाडी झाला, हिरवा अजून हिरवा होता.

पण माझं मत फिरवलं ते बटणांनी. रंग किती उजेड परत फेकतो त्याचा एक आकडा असतो, एलआरव्ही: पूर्ण काळ्याला ०, पूर्ण पांढऱ्याला १००. दुकानदाराला विचारलं की तो संगणकावर बघून सांगतो. सायीच्या शेडचा पंच्याहत्तरीच्या पुढे होता, हिरव्याचा साठीच्या आत. खोलीतला स्विचबोर्ड पांढरा, दरवाजाची चौकट पांढरी. सायीच्या भिंतीवर पांढरा स्विचबोर्ड म्हणजे आईला रात्री उठल्यावर चाचपडणं. हिरव्या पुठ्ठ्यावर मी एक जुनं पांढरं बटण टेपने चिकटवलं, तसंच सायीच्यावर, आणि खोलीत अंधुक उजेड ठेवून तिला दारातून बघायला सांगितलं. हिरव्यावरचं बटण तिने लगेच दाखवलं. सायीच्यावरचं शोधायला पुढे यावं लागलं. वय झालेल्या माणसाच्या खोलीत भिंत आणि बटण, भिंत आणि चौकट, यांच्यात फरक दिसणं ही शोभेची बाब नाही. पडणं-धडपडणं तिथेच होतं.

पेंटर दोडामार्गाकडचे, आमच्याकडे आधी काम केलेले. त्यांनी भिंत बघून पहिलं वाक्य टाकलं, “आधी भिंत सुकान दे, मगे रंगाचा बघूया.” हिरवा पुठ्ठा दाखवल्यावर म्हणाले, “पावसात ह्यो काळो दिसतलो, काकीनू.” आई म्हणाली, “पावसात दिवा लावीन.” मी वहीतलं सगळं त्यांना वाचून दाखवलं. ते ऐकून त्यांनी सुचवलं की छत झगझगीत पांढरं ठेवा आणि पांढरा भिंतीवर वरून चार बोटं खाली आणा, म्हणजे उजेड वरून खाली येईल. शिवाय चकाकीचा रंग घेऊ नका, मॅट घ्या. सकाळचं ऊन डोळ्यांवर मारणार नाही आणि भिंतीचे उंचवटेही दिसणार नाहीत. दोन्ही सूचना पाळल्या. नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला होती. वाड्यावर पोरं नरकासुराचा पुतळा बांधत होती त्या आठवड्यात हिरवा पक्का केला.

बिल, डबा आणि काम

हिशेब असा मांडला. चार भिंतींचं क्षेत्रफळ ४६० चौरस फूट, त्यातून दार-खिडक्या वजा करून साधारण ४००. चांगलं इमल्शन दोन हातांना लिटरमागे १२० ते १३० चौरस फूट जातं. म्हणजे सव्वातीन लिटर, डबा चार लिटरचा. एकाच डब्यात भागलं तर उत्तम. दोन डबे लागत असतील तर दोन्ही एका बादलीत एकत्र करूनच वापरावेत, कारण दोन वेळा मिसळलेल्या रंगात बारीक फरक राहू शकतो आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो.

दुकानात आधी साध्या चिठ्ठीवर रक्कम लिहून मिळाली. पक्कं बिल मागून घेतलं. त्यावर १८ टक्के जीएसटी, शेडचा क्रमांक, रंगाचा प्रकार आणि बॅच क्रमांक हवा. पुढे भिंतीवर तक्रार उद्भवली तर कंपनी हेच मागते. डब्यावरची चिकटपट्टी दुकानातच वाचा: शेडचा क्रमांक, बेस (म्हणजे शेड मिसळण्याआधीचा मूळ रंग), आणि मॅट की सॅटिन, म्हणजे थोड्या चकाकीचा. आमच्या डब्यावर सॅटिन लिहिलेलं निघालं. झाकण उघडलेलं नव्हतं आणि रंग मिसळायचा बाकी होता म्हणून बदलून मिळाला. घरी आणल्यावर झाकण उघडून बोटभर रंग नमुन्याच्या पुठ्ठ्यावर लावला, वाळू दिला, आणि जुळतो हे बघूनच काम सुरू केलं.

पाडव्यानंतर, ४ नोव्हेंबरच्या सोमवारी, काम सुरू झालं. आईला डिचोलीला मावशीकडे पाठवलं होतं. खरवडणं, बुरशीनाशक द्रावणाचा हात, ते सुकल्यावर पुट्टीचे दोन हात, घासणं, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. भिंतींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खिडक्यांच्या चौकटींबद्दल आहे. त्यांच्यावर कित्येक वर्षांचे ऑइलपेंटचे थर होते. घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत ९० भागांच्या, वर नको, असा नियम आपल्याकडे २०१६ ला झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासला तर ती धूळ श्वासातून जाते, लहान मुलांना सगळ्यात घातक. आम्ही पाणी मारून ओलंच घासायला लावलं, खाली प्लॅस्टिक अंथरलं, पेंटरांना मास्क दिले आणि ती माती ओल्या फडक्याने गोळा केली. हे सांगितलं तर कुठलाही समजूतदार पेंटर ऐकतो.

पहिला हात सुकल्यावर मला धडकी भरली. ठिकठिकाणी पट्टे, रंग अपेक्षेपेक्षा फिका आणि निळा. पेंटर शांत होते. दुसऱ्या हातानंतर, आणि खरं तर त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तो पुठ्ठ्यासारखा दिसायला लागला. पहिल्या हातावर कुणालाही फोन करू नका.

खर्च असा झाला: नमुना डब्या ४८०, इमल्शन २,३५०, प्रायमर ८५०, पुट्टी ८५०, बुरशीनाशक ३५०, छताचा पांढरा ७८०, रोलर-टेप-पॉलिश पेपर ६४०, मजुरी ९,६००. एकूण १५,९०० रुपये. दिवे वेगळे. मजुरी हाच मोठा भाग आहे, आणि रंग बदलावा लागला तर तीच पुन्हा द्यावी लागते.

तुळशीच्या लग्नाला आई परत आली. खिडक्या त्याआधी काही दिवस रात्रंदिवस उघड्या ठेवल्या होत्या. दारात उभी राहून तिने सवयीने उजवा डोळा झाकला, बघितलं, मग डावा झाकला आणि नाक मुरडलं. डिसेंबरात उजव्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर पहिले काही दिवस तिला भिंत निळीच वाटत होती आणि ती जरा खट्टू होती, मीही काळजीत. जानेवारी सरेपर्यंत तो निळेपणा ओसरला. आता ती त्याला हिरवाच म्हणते.

२०२५ च्या जूनमध्ये पेंटरांचं म्हणणं खरं ठरलं. ढग दाटले की दुपारी खोली जड वाटते. ४००० केल्विनची एक पट्टी पूर्वेच्या भिंतीवर वर लावून घेतली, ती दुपारपासून चालू असते. उत्तरेच्या कोपऱ्यात कपाटामागे थोडी बुरशी आली होती. पुसून घेतली आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, म्हणजे हवा खेळते. बाकी भिंत कोरडी राहिली. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत आहे, आणि शेडचा क्रमांक कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलाय, बिलाच्या तारखेसकट.

भाऊ चवथीला, २७ ऑगस्टला, आला तेव्हा त्याने खोली पहिल्यांदा समोरून पाहिली. म्हणाला, फोटोत राखाडी होती. आता बाहेरच्या खोलीला रंग द्यायचा आहे आणि त्याच्या डोक्यात एक शेड आहे, माझ्या डोक्यात दुसरी. ऑक्टोबरात प्लॅस्टिकचा तुकडा कोरडा निघाला की पुठ्ठे रंगवायला घेऊ.